एसएआर मूल्य

मोबाइलमधून निघणाऱ्या रेडिओलहरींची किती ऊर्जा शरीरातल्या ऊती शोषून घेतात, हे सांगणारे माप. एसएआर म्हणजे ‘स्पेसिफिक ॲब्सॉर्प्शन रेट’, मराठीत विशिष्ट शोषण दर. एकक वॉट प्रति किलोग्रॅम. चाचणीसाठी माणसाच्या डोक्याच्या आकाराच्या साच्यात ऊतींसारखे विद्युत गुणधर्म असलेला द्रव भरतात, मोबाइल त्याला लावून पूर्ण शक्तीवर चालवतात आणि द्रवातले विद्युतक्षेत्र मोजतात. त्यामुळे जाहीर केलेला आकडा कमाल शोषणाचा असतो.

भारतात १ सप्टेंबर २०१२ पासून मोबाइलच्या एसएआरची कमाल मर्यादा १.६ असून तिची सरासरी १ ग्रॅम ऊतीवर काढतात. त्याआधी ती १० ग्रॅमवर २ होती. नवा नियम दोन्ही अंगांनी कडक आहे, कारण लहान भागावर सरासरी काढली की एका जागी एकवटलेली ऊर्जा लपून राहत नाही. बहुतेक मोबाइलवर *#०७# दाबल्यास हे मूल्य दिसते.

मात्र १.२ मूल्याच्या मोबाइलपेक्षा ०.९ चा मोबाइल नेहमीच कमी ऊर्जा देईल, असे मानणे चूक ठरेल. सिग्नल क्षीण असला की मोबाइल आपली प्रक्षेपणशक्ती वाढवतो. लिफ्टमध्ये, तळघरात किंवा घाटातल्या गाडीत त्याच मोबाइलमुळे होणारे शोषण वाढते. सोसायटीच्या गच्चीवरच्या टॉवरला विरोध करताना हा मुद्दा बहुधा निसटतो: टॉवर दूर गेला की कानाजवळचा मोबाइल अधिक जोर लावतो. टॉवरच्या उत्सर्जनावरही २०१२ पासून आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांशाचे बंधन आले. इयरफोन किंवा स्पीकर वापरून मोबाइल डोक्यापासून दूर ठेवणे हा सर्वांत सोपा आणि खात्रीचा उपाय आहे.

या लहरींचा निर्विवाद सिद्ध झालेला परिणाम म्हणजे ऊती तापणे. मर्यादा त्यावरच बेतलेल्या आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०११ मध्ये रेडिओलहरींना ‘कदाचित कर्करोगकारक’ गटात ठेवले. संघटनेनेच करवून घेतलेल्या आणि २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आढाव्यात मात्र मोबाइल आणि मेंदूचा कर्करोग यांचा संबंध आढळला नाही.

विकल्या गेलेल्या मोबाइलचीही तपासणी होत राहायला हवी, हे फ्रान्सने दाखवून दिले. सप्टेंबर २०२३ मध्ये तिथल्या नियामकाने आयफोन १२ ची विक्री थांबवली. तिथली हातापायांसाठीची मर्यादा ४ असताना मोजणीत ५.७४ आढळले होते. ॲपलला सॉफ्टवेअर सुधारून द्यावे लागले.

फाइव्ह-जीच्या २६ गिगाहर्ट्झ पट्ट्यात ऊर्जा त्वचेच्या वरच्या थरातच शोषली जाते. तिथे एसएआरऐवजी प्रति चौरस मीटर पडणारी शक्ती मोजतात.