लाल पारेओ आणि डोळ्यातली वजाबाकी

फ्रेंच चित्रकार पॉल गोगँच्या, प्रशांत महासागरातल्या ताहिती बेटावरच्या चित्रांचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येतं : तिथलं ऊनच तसं, म्हणून रंग इतके भडक. मला हे पटत नाही. ताहितीला जाण्याच्या तीन वर्षं आधी, १८८८ मध्ये, त्याने फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतात बायबलमधल्या याकोबाची देवदूताशी झालेली झुंज रंगवली आणि चित्रातली जमीन चक्क शेंदरी केली. ढगाळ हवेच्या ब्रिटनीत कुठलं आलं रणरणतं ऊन?

१८९१ मध्ये तो ताहितीला पोचला आणि तिथे त्याने ‘इया ओराना मारिया’ रंगवलं. सध्या हे चित्र न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये आहे. यातली मेरी ताहितीची आहे : अंगावर पांढऱ्या फुलांचा लाल पारेओ (कमरेभोवती किंवा अंगाभोवती गुंडाळायचं तिथलं कापड), खांद्यावर बाळ येशू. पलीकडे पिवळ्या पंखांचा देवदूत. मध्ये हात जोडून उभ्या दोन स्त्रिया. त्यांची उभं राहण्याची ढब गोगँने जावामधल्या बोरोबुदूरच्या बौद्ध शिल्पपटाच्या फोटोवरून घेतली, म्हणून तो नमस्कार आपल्याला इतका ओळखीचा वाटतो. पायाखाली हिरवळ, मागे गर्द जांभळी वाट.

आता तो लाल बघा. तो इतका पेटलेला दिसतो, त्यात शेजारच्या हिरव्याचा मोठा हात आहे. मिशेल शेव्रल या रसायनशास्त्रज्ञाने हे फार आधी ओळखलं होतं. पॅरिसच्या गोबलँ या भित्तिपट विणणाऱ्या कारखान्यात तो रंगाईचा प्रमुख होता. काळा धागा फिका पडतो, अशी तक्रार त्याच्याकडे आली. रंगात खोट नव्हती, शेजारच्या निळ्या-जांभळ्या धाग्यांमुळे काळा मरत होता. १८३९ मध्ये त्याने यावर जाडजूड ग्रंथच लिहिला.

डोळ्यात काय घडतं, ते मला अतिशय सुंदर वाटतं. दृष्टिपटलावर, म्हणजे डोळ्याच्या आतल्या पडद्यावर, रंग टिपणाऱ्या शंकुपेशींचे तीन प्रकार असतात. लांब तरंगलांबीला आणि मध्यम तरंगलांबीला जास्त प्रतिसाद देणाऱ्या पेशींचे संदेश मेंदूकडे नुसते पाठवले जात नाहीत, आधी त्यांची वजाबाकी होते. ती बाकी म्हणजे लाल-हिरव्याचा संकेत. दुसरी वजाबाकी निळ्या-पिवळ्याची. पुढे मेंदूच्या दृष्टिबाह्यकात, म्हणजे डोळ्यांकडून आलेले संदेश हाताळणाऱ्या बाहेरच्या थरात, अशा पेशी आहेत की केंद्रात लाल आणि भोवती हिरवा असेल तर त्या जोरात चेततात, पण दोन्हीकडे लालच असेल तर जवळजवळ गप्प राहतात. माकडांच्या मेंदूत त्या नोंदवल्या गेल्या आहेत. म्हणजे मेंदू रंगापेक्षा रंगातला फरक जास्त मोजतो, आणि हिरव्याला लागून असलेल्या लालची कड त्याला सर्वांत ठळक कळते.

घरी करून बघा. राखाडी कागदाचे दोन सारखे तुकडे कापा, एक लाल कागदावर ठेवा, दुसरा हिरव्यावर. लालवरचा किंचित हिरवट दिसेल, हिरव्यावरचा गुलाबीसर. वर पातळ बटर पेपर अंथरला तर परिणाम आणखी वाढतो.

लाल बाटलीतलं पाणी रक्त वाढवतं, निळ्या बाटलीतलं ताप उतरवतं, असं छातीठोकपणे सांगणारे आजही भेटतात. बाटलीच्या रंगाने पाण्याला औषधी गुण येत नाहीत. रंगाचा खरा परिणाम वर सांगितलेल्या पेशींमध्ये मोजता येतो आणि त्याला कुठल्याही उपचाराचा दावा करावा लागत नाही.

म्हणूनच या चित्राचा फक्त मेरीपुरता कापलेला फोटो बघून गोगँच्या लालवर मत देऊ नये. हिरवळ कापली गेली की त्या वजाबाकीतली एक संख्याच नाहीशी होते.