चार्ली गॉर्डन

अमेरिकी लेखक डॅनियल कीज (१९२७–२०१४) यांच्या ‘फ्लॉवर्स फॉर अल्जरनॉन’ या विज्ञानकथेचा नायक. कथा एप्रिल १९५९मध्ये मासिकातून प्रसिद्ध झाली व तिला विज्ञानसाहित्यासाठीचा १९६०चा ह्यूगो पुरस्कार मिळाला. १९६६मध्ये कीज यांनी तिची कादंबरी केली. तिलाही त्याच क्षेत्रातला नेब्युला पुरस्कार (विभागून) लाभला. कथेतला चार्ली कारखान्यात झाडलोट करतो, कादंबरीतला न्यूयॉर्कमधल्या एका बेकरीत हरकाम्या आहे. पुढील विवेचन कादंबरीतल्या चार्लीचे.

चार्लीचा बुद्ध्यांक ७०च्या आसपास असतो. मेंदूवरील शस्त्रक्रियेनंतर काही महिन्यांत तो १८५पर्यंत चढतो. हीच शस्त्रक्रिया आधी अल्जरनॉन नावाच्या उंदरावर झालेली असते. सारी हकीकत चार्लीने स्वतः लिहिलेल्या प्रगती-अहवालांतून उलगडते आणि रचनेची गोम तिथेच आहे. आरंभी शब्द कानावर पडतील तसे लिहिलेले, वाक्ये तोकडी. स्वल्पविरामाची ओळख झाली त्या दिवशी तो दोन शब्दांआड एक स्वल्पविराम पेरत सुटतो. पुढे भाषा शुद्ध आणि जड होत जाते. (मराठीत हे आणायचे तर ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकांनी भागणार नाही, त्या शिकलेली माणसेही करतात.)

बेकरीतले जो कार्प आणि फ्रँक रायली यांना चार्ली जिवलग मित्र मानतो. त्यांचे बोलणे तो अर्थ न कळता जसेच्या तसे उतरवून ठेवतो, त्यामुळे टिंगल वाचकाला लगेच दिसते, त्याला मात्र बऱ्याच उशिरा. कुणाच्या हातून घोळ झाला की बेकरीत त्याला चार्ली गॉर्डनचेच नाव देतात आणि चार्लीही त्यावर हसतो. पुढे एका पार्टीत त्याला नाचायला उभे करून पाय आडवे घालून पाडतात, तेव्हा या हसण्याचा विषय आपणच होतो हे त्याच्या ध्यानात येते. इथे तो सोबती तर गमावतोच, पण नव्या समजेने मागच्या आठवणीही तपासू लागतो आणि सुखाचे वाटलेले दिवसही नासतात.

दुसरा तडा उलट्या बाजूने जातो. पीठ मळण्याचे यंत्र तो सहज चालवतो, यंत्रांची मांडणी बदलून काम वेगाने व्हावे अशी युक्ती सुचवतो, त्याला बढती मिळते. आता हसायला कोणी उरत नाही, म्हणून बोलायलाही उरत नाही. त्याला काढून टाकण्याच्या अर्जावर फॅनी बर्डन सोडून सगळे सह्या करतात. फॅनीलाही हा बदल रुचलेला नसतोच; ती बायबलमधल्या आदम-हव्वेने ज्याचे निषिद्ध फळ खाल्ले त्या ज्ञानवृक्षाची आठवण करून देते. बेकरीतलाच गिंपी गिऱ्हाइकांशी संगनमत करून मालकाला फसवतो, हे चार्लीला दिसते, आणि सांगावे की नाही हा पेच पहिल्यांदाच त्याच्या गळ्यात पडतो. गिंपी त्याच्याशी माणुसकीने वागलेला असतो.

बुद्धी वाढली तरी भावना त्या वेगाने पिकत नाहीत. शिक्षिका अ‍ॅलिस किनियनवर त्याचे प्रेम जडते, पण जवळीक आली की जुना, घाबरलेला चार्ली दुरून आपल्याला पाहतो आहे असे त्याला वाटते. पुढे अ‍ॅलिसला त्याचे बोलणेच झेपेनासे होते. शस्त्रक्रियेच्या प्रयोगाचे प्रमुख प्रा. नेमूर यांना संशोधनाच्या सगळ्या भाषा येत नाहीत, हे कळल्यावर तो त्यांना तुच्छ लेखू लागतो. बुद्धीचा मद त्यालाही सुटलेला नाही, हे कीज यांनी झाकलेले नाही.

आत्मभानाचा खरा कस एका उपाहारगृहात लागतो. भांडी धुणाऱ्या मंदबुद्धी मुलाच्या हातून बश्या फुटतात, गिऱ्हाइके खिदळतात, मुलगाही न कळून हसू लागतो, आणि चार्लीच्या तोंडावरही हसू येते. मग तो संतापून उठतो. त्या संतापाचा मोठा वाटा स्वतःवर असतो.

पुढे तोच शोधून काढतो की कृत्रिमरीत्या वाढवलेली बुद्धी, वाढ जितकी अधिक तितक्या वेगाने ओसरते. अहवालांतल्या चुका परततात. तो पुन्हा बेकरीत रुजू होतो. क्लाउस नावाचा नवा कामगार त्याचा हात पिरगळतो, तेव्हा मध्ये पडणाऱ्यांत जो कार्प असतो.