हुतात्मा एक्स्प्रेसच्या नावामागचा निकाल

सोलापूरकर सकाळी ‘हुतात्मा’ पकडून पुण्याला जातो. ज्या चौघांच्या नावानं ही गाडी धावते, त्यांना फासावर चढवलं तेही पुण्यातच, येरवड्याच्या तुरुंगात.

६ एप्रिल १९३० ला सोलापूर नगरपालिकेनं इमारतीवर राष्ट्रध्वज फडकवला, तेव्हापासूनच सरकारची या गावावर नजर होती. ५ मे रोजी गांधीजींना अटक झाली. बातमी आली आणि गिरणगाव पेटलं. ८ मे रोजी रूपाभवानी मंदिराच्या बाजूला लोक दारूच्या विरोधात शिंदीची झाडं तोडायला जमले. पोलिसांनी काहींना पकडलं, सोडवायला गर्दी आडवी आली आणि गोळीबार झाला. हातात झेंडा घेतलेला तरुण शंकर शिवदारे त्यात गेला.

मग मात्र जमाव कुणाच्या हातात राहिला नाही. मंगळवार पेठेतल्या चौकीवर हल्ला झाला, दोन पोलीस मारले गेले, कोर्टाची इमारत जळाली. हेही घडलं, आणि ते झाकून हा इतिहास सांगता येणार नाही. पोलीस गाव सोडून गेले. पुढचे काही दिवस काँग्रेसचे स्वयंसेवक चौकाचौकांत उभे राहून रहदारी सांभाळत होते.

१२ मे रोजी मार्शल लॉ, म्हणजे लष्करी कायदा, आला आणि ३० जूनपर्यंत राहिला. डोक्यावर गांधी टोपी दिसली तरी शिक्षा व्हायची.

खटला उभा राहिला तो चौकीतल्या दोन पोलिसांच्या खुनाचा. गर्दीवर गोळ्या कुणी झाडल्या, का झाडल्या, हा प्रश्न त्या खटल्यात नव्हताच. माझ्या मते सोलापूरला हा निकाल कधी पटला नाही, त्याचं मूळ इथं आहे. फाशी सुनावली गेली मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि ‘गझनफर’ वृत्तपत्राचे संपादक कुर्बान हुसेन यांना. लिंगायत, मारवाडी, मराठा, मुसलमान. अख्ख्या सोलापूरचीच माणसं. ८ मे रोजी खवळलेल्या जमावापासून कलेक्टर नाइटला धनशेट्टींनीच वाचवलं, असं गावातली जुनी माणसं सांगत आली आहेत. हायकोर्टानंही फाशी कायम ठेवली.

१२ जानेवारी १९३१ रोजी चौघे गेले. गांधी-आयर्विन करार व्हायला तेव्हा दोन महिनेही उरले नव्हते.

आजही १२ जानेवारीला चार हुतात्मा पुतळ्यांना हार पडतात, तेव्हा गावात ग्रामदैवत सिद्धरामेश्वरांच्या यात्रेतल्या नंदीध्वजांची, म्हणजे मिरवणुकीतल्या उंच काठ्यांची, लगबग चालू असते. त्या सालीही संक्रांत दोनच दिवसांवर होती आणि सिद्धरामेश्वरांची ही यात्रा, म्हणजे गड्डा, तोंडावर आली होती.