पीओपी वेगळं, पुट्टी वेगळी

हॉल रंगवायचा म्हणून रंगारी येतो, भिंतीवर दोन-तीन ठिकाणी टकटक करतो आणि सांगतो, “लांबी मारून घेऊ.” घरातले मान डोलावतात. या एका ‘लांबी’त निदान तीन वेगवेगळे माल मावतात: पीओपी (प्लास्टर ऑफ पॅरिस), व्हाइट सिमेंटची पुट्टी आणि डब्यात तयार मिळणारी अॅक्रिलिक पुट्टी. कोटेशनमध्ये ‘लांबी, दोन हात’ एवढंच असेल तर ते परत पाठवा. कोणता माल, कोणत्या भिंतीवर, हे लिहून घेतल्याशिवाय दराची घासाघीस करण्यात अर्थ नाही.

पीओपी सगळ्यांच्या ओळखीचं. जिप्सम साधारण 150 अंशांवर भाजून केलेली ही पूड पाणी घातलं की पुन्हा जिप्सम होते आणि वीसेक मिनिटांत धरते. फॉल्स सीलिंगला आणि छताच्या नक्षीला ती उत्तमच. सिमेंट पुट्टीत व्हाइट सिमेंट, दगडाची बारीक पूड आणि चिकटपणासाठी पॉलिमर असतं. गुळगुळीतपणात फरक शोधू नका. रंग चढल्यावर खाली काय आहे ते डोळ्यांना कळत नाही.

खरा फरक पाण्याचा आहे, आणि गोंधळ नेमका तिथेच होतो. दोन्ही पुडी पाण्यानेच धरतात. पण सिमेंट एकदा धरलं की नंतर ओल लागली तरी कडक राहतं. जिप्सम पुन्हा भिजलं की मऊ पडतं. यावर हमखास विचारलं जातं: पीओपीची मूर्ती तर समुद्रात विरघळत नाही, मग भिंतीवरच्या पीओपीला ओलीने काय होणार? शंका रास्त आहे. लिटरभर पाण्यात जिप्सम जेमतेम दोन-अडीच ग्रॅम विरघळतं, म्हणून मूर्ती लवकर विरत नाही. भिंतीवर मात्र काही विरघळावं लागतच नाही. रंगाचा पापुद्रा पीओपीच्या अगदी वरच्या पातळ थराला धरून असतो. तेवढा थर भुसभुशीत झाला की पकड सुटते, फुगा येतो आणि पोपडा काढला की त्याच्या पाठीला पांढरी पूड चिकटलेली दिसते. अशा वेळी रंगाच्या कंपनीला दोष देणं चूक आहे.

मुंबईत हे जास्त छळतं, कारण नैर्ऋत्येचा पाऊस चार महिने पश्चिमेच्या आणि दक्षिणेच्या भिंतींना झोडपतो. त्या बाहेरच्या भिंती, खिडकीच्या चौकटीभोवतीची वीतभर जागा, बेसिनमागची भिंत, डायनिंगची जी भिंत पलीकडून बाथरूमला लागून आहे ती, आणि लादीपासून फूटभर उंची, जिथे रोज ओलं फडकं फिरतं: इथे पीओपी अजिबात नको. दोन खोल्यांमधल्या कोरड्या भिंतीवर खुशाल करा.

आता उलटी चूक. पुट्टी ओल सहन करते, ओल अडवत नाही. ‘वॉटरप्रूफ पुट्टी मारली की गळती थांबते’ हे चूक आहे. मागून पाणी येतच राहिलं तर लोणा फुटून पुट्टीही सुटेल. आधी बाहेरची भेग किंवा पाइपचा सांधा दुरुस्त करा, भिंत वाळू द्या. फूटभर प्लास्टिकचा तुकडा चारी कडांनी चिकटपट्टीने भिंतीवर रात्रभर लावून ठेवा. सकाळी आतून दव दिसलं तर भिंत अजून तयार नाही.

जाडीचं थोडक्यात. पुट्टी दोन हात मिळून दीड मिलिमीटरपर्यंत; त्याहून जाड थापली की तडे जातात. पीओपी सहा ते बारा मिलिमीटर सहज चढतं. सहा फुटी अॅल्युमिनियमची पट्टी भिंतीला टेकवून पाहा. मागे पाच-सहा मिलिमीटरची फट दिसत असेल तर पुट्टीने काम होणार नाही. भिंत कोरडी असेल तर पीओपी, ओलीची असेल तर सिमेंटचा गिलावा.

जुन्या भिंतीवर काय आहे ते ओळखायला कोपऱ्यात रुपयाएवढी जागा खरवडा, ओला बोळा दहा मिनिटं दाबून धरा, मग खिळ्याने ओरखडा. खिळा रुतला तर पीओपी, नुसता घसरला तर सिमेंट पुट्टी. पीओपी निघालं आणि ते घट्ट असेल तर त्यावर प्रायमर आणि मग अॅक्रिलिक पुट्टी लावावी, सिमेंट पुट्टी नव्हे. मऊ थरावर कडक थर बसवला की तो पापडासारखा सुटतो.

सिमेंट पुट्टीचं गणित सोपं आहे. किलोला 360 ते 400 मिलीलिटर पाणी. कालवून दहा मिनिटं ठेवायची, पुन्हा ढवळायची, दोन-तीन तासांत संपवायची. जुना रंग पूर्ण खरवडून भिंत आधी पाण्याने ओलसर करायची. खाली प्रायमर नको, तो खर्च वाचवा. 10 बाय 12 च्या हॉलच्या भिंती दारं-खिडक्या वगळून सुमारे 350 चौरस फूट भरतात. त्याला 40 किलोची एक गोणी साधारण पुरते. पहिला हात वाळला की दुसरा, शेवटी 400 नंबरच्या वरचा पॉलिश पेपर.

दोन गोष्टी मात्र डोळ्यांदेखत होऊ देऊ नका. एक, पुट्टी लवकर धरावी म्हणून तिच्यात मूठभर पीओपी टाकणं. ओल मिळाली की जिप्सम आणि सिमेंट यांचा संयोग फुगतो आणि थर आतून फुटतो. दुसरी, घमेल्यात धरू लागलेल्या पीओपीत पुन्हा पाणी घालणं. त्याचा जोर गेलेला असतो, ते फेकूनच द्यावं.

गणपतीच्या तोंडावर काम काढलं असेल तर आणखी एक. पीओपी अर्ध्या तासात धरतं, पण वाळायला दिवस लागतात, पावसाळ्यात जाड थराला दोन-तीन आठवडेसुद्धा. तारीख जवळ असेल तर पीओपीला हात लावू नका. खराब जागेपुरती पुट्टी भरा, आणि रंग मात्र ठिगळापुरता न देता ती अख्खी भिंत कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत रंगवा, म्हणजे छटेतला फरक दिसणार नाही.