बाळाचं सरकारी लसीकरण: कार्ड, नोंदणी आणि राहून गेलेले डोस

सरकारी लसीकरण मोफत आहे. त्याला उत्पन्नाची, रेशनकार्डाची किंवा रहिवासी दाखल्याची अट नाही. जन्म बीडचा आणि मुक्काम पुण्याचा असला, तरी पुढचे डोस पुण्यात मिळतात. ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबांच्या मुलांनाही हेच लागू. बाळाचं आधार अजून निघालं नाही म्हणून लस अडत नाही.

सोबत लागतं ते माता व बाल संरक्षण कार्ड. गरोदरपणी नाव नोंदवताना ते मिळतं. हरवलं तर जिथे डोस झाले तिथल्या सिस्टरना किंवा आशाताईंना भेटा, त्यांच्या नोंदींवरून नवीन कार्ड भरता येतं. खासगी दवाखान्यात घेतलेल्या लसींची फाईलही न्या, नाहीतर काय झालंय आणि काय राहिलंय याचा अंदाजच बांधावा लागतो.

सरकारच्या लसीकरण नोंदणीच्या ‘यू-विन’ पोर्टलवर पालकाच्या मोबाइलवर ओटीपी घेऊन बाळाची नोंदणी करता येते. पालकाचं ओळखपत्र जवळ ठेवा. ऑनलाइन जमत नसेल तर केंद्रावरही नोंदणी होते. रिचार्ज संपला की बंद पडणारा नंबर मात्र देऊ नका. आठवणीचे मेसेज त्यावरच येतात.

जन्मल्यावर बीसीजी (क्षयरोगाची लस), पोलिओचे थेंब आणि २४ तासांच्या आत हिपॅटायटिस बी (काविळीची लस). मग ६, १० आणि १४ आठवड्यांनी पेंटाव्हॅलेंट (पाच आजारांची एकत्र लस), रोटा (जुलाबांवरची) आणि पोलिओ. न्यूमोकोकल (न्यूमोनियावरची) ६ आणि १४ आठवड्यांनी, बूस्टर म्हणजे पुढचा जोर देणारा डोस ९ महिने पूर्ण झाल्यावर. गोवर-रुबेलाचा पहिला डोस ९ महिने पूर्ण झाल्यावर, दुसरा १६ ते २४ महिन्यांत. डीपीटीचा (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात) पहिला बूस्टरही याच सुमारास, आणि दुसरा ५ ते ६ वर्षांत. हा शेवटचा बऱ्याच घरी राहून जातो, कारण तोवर कार्ड माळ्यावर गेलेलं असतं.

“आज नाही, सत्राच्या दिवशी या,” असं ऐकून लोक चिडतात. पण बीसीजी आणि गोवर-रुबेलाच्या कुपीतली पावडर एकदा द्रावणात मिसळली की ४ तासांत संपवावी लागते, उरलेली फेकून द्यावी लागते. म्हणून उपकेंद्रात किंवा अंगणवाडीत ठरलेल्या दिवशी मुलं एकत्र बोलावतात. तो वार आशाताईंना विचारून ठेवा.

तारीख चुकली तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही, राहिलेल्या डोसपासून पुढे जातात. काही लसींना वयाची मर्यादा आहे: बीसीजी १ वर्षापर्यंत, गोवर-रुबेला ५ वर्षांपर्यंत. साध्या सर्दी-खोकल्यासाठी लस पुढे ढकलू नका. लस दिल्यावर अर्धा तास तिथेच थांबा. बीसीजीच्या जागी काही आठवड्यांनी फोड येतो, त्यावर हळद-मलम काही लावायचं नाही.

त्याच कार्डावर जीवनसत्त्व अ च्या ९ मात्रा पाचव्या वर्षापर्यंत, दर ६ महिन्यांनी लिहून घ्या. अंगणवाडीत वर्षातून दोनदा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं. त्या दिवशी मूल घरी ठेवू नका: जन्मजात व्यंग, वाढीतला उशीर असं काही दिसलं तर पुढची तपासणी आणि उपचार तिथूनच मोफत सुरू होतात.