गाडी खाली आली की चाकांचे कोन का हलतात: एक पार्श्वभूमी

स्प्रिंगा बदलून गाडी तीन-चार सेंटिमीटर खाली बसवली, लगेच अलाइनमेंट करून घेतली, म्हणजे चाकांचे कोन तपासून लावून घेतले, मशीनच्या कागदावर सगळे आकडे हिरवे आले, तरी काही महिन्यांत पुढचे टायर आतल्या कडेने झिजून तारा दिसायला लागल्या. गाडी लो करणाऱ्यांमध्ये ही तक्रार सतत ऐकू येते. दोष बहुतेक वेळा कॅम्बरवर, म्हणजे चाक आत किंवा बाहेर झुकण्यावर, टाकला जातो. मला हे निदान अपुरं वाटतं. गाडीची उंची आणि चाकांचे कोन एकमेकांत गुंतलेले आहेत, आणि ते कुठे, कसे गुंतले हे पाहिल्याशिवाय खाली बसवलेल्या गाडीची अलाइनमेंट नीट होत नाही. सुरुवातीला तर ते गुंतलेले नव्हतेच.

घोडागाडीचा पुढचा आस पूर्वी मधल्या एका खुंटीवर अख्खा फिरायचा. म्युनिकमध्ये घोडागाड्या बनवणाऱ्या गेओर्ग लांकेनश्पेर्गर यांनी १८१७ साली दोन्ही चाकांना वेगवेगळ्या खुंट्यांवर वळवण्याची रचना काढली. इंग्लंडमधलं पेटंट १८१८ मध्ये रुडॉल्फ ॲकरमन यांनी घेतलं, आणि या भूमितीला नाव त्यांचंच चिकटलं. वळणावर आतलं चाक बाहेरच्यापेक्षा जास्त वळतं, एवढंच या रचनेबद्दल सहसा सांगितलं जातं. पण तिचा आणखी एक परिणाम झाला. दोन चाकं स्वतंत्रपणे वळायला लागली, त्यांना जोडायला टाय रॉड आला, आणि त्या रॉडची लांबी थोडी जरी चुकली तरी चाकं एकमेकांशी समांतर राहीनात. टोचा, म्हणजे चाकांची पुढची टोकं आत किंवा बाहेर वळलेली असण्याचा, प्रश्न तिथून सुरू झाला.

सुरुवातीच्या मोटारींची पुढची चाकं वरच्या बाजूला बाहेर झुकलेली असत, म्हणजे कॅम्बर पॉझिटिव्ह. रस्ते मध्ये उंच आणि कडेला उतरते होते. शिवाय टायर जिथे जमिनीला टेकतो ती जागा किंगपिनच्या (चाक ज्या खुंटीभोवती वळतं तिच्या) रेषेजवळ आली की स्टिअरिंग हलकं होई आणि खड्ड्यांचे धक्के हातापर्यंत कमी पोहोचत. पण झुकलेलं चाक सरळ जात नाही. टेबलावर आडवा पाडलेला निमुळता पेला जसा गोल फिरतो, तसं ते बाहेरच्या दिशेला जायला बघतं. ते रोखायला चाकांची पुढची टोकं किंचित आत घेतली गेली, म्हणजेच टो-इन. कॅम्बर आणि टो ही जोडी इतकी जुनी आहे. एक बदलून दुसरा तसाच ठेवणं तेव्हाही चूक होतं.

गाडी खाली आणण्याची हौस वाढली ती दक्षिण कॅलिफोर्नियात. १९३० च्या दशकात म्युरॉकसारख्या कोरड्या तळ्यांवर वेगाच्या शर्यती होत, आणि जुन्या फोर्ड गाड्या हलक्या आणि बुटक्या करून पळवल्या जात. या गाड्यांना पुढे सलग लोखंडी ॲक्सल होता. तो तापवून त्याची टोकं वर वाकवली की चाकं तिथेच राहत आणि गाडी खाली येई. हा ‘ड्रॉप्ड ॲक्सल’. काम नीट झालं असेल तर किंगपिनचा बाजूचा कल तोच राही. दोन्ही चाकं एकाच तुळईला पक्की असल्यामुळे स्प्रिंग किती दबली आहे याचा कॅम्बरशी संबंधच नसे. गाडीचं नाक खाली गेल्याने कॅस्टर, म्हणजे किंगपिनचा पुढे-मागे असलेला कल, थोडा बदले, स्टिअरिंग आर्म कुठे अडत असेल तर तो वाकवावा लागे, टो पुन्हा लावला की काम संपलं. इतकी सरळ पद्धत त्यानंतरच्या गाड्यांना फार क्वचित लाभली.

मात्र सलग ॲक्सलचे स्वतःचे रोग होते. एक चाक उचललं गेलं की दुसरंही तिरपं होई, आणि फिरत्या चाकाचं प्रतल झुकलं की ते आपोआप वळायला बघतं. १९२० च्या दशकात मऊ, फुगीर टायर आणि पुढच्या चाकांचे ब्रेक आल्यावर हे थरथरणं असह्य झालं. त्यावर जनरल मोटर्समध्ये मॉरिस ऑली यांनी काम केलं, आणि १९३४ च्या मॉडेलांपासून कंपनीने पुढे स्वतंत्र सस्पेन्शन दिलं. कॅडिलॅक, ब्यूइक यांसारख्या गाड्यांत वर आखूड आणि खाली लांब असे दोन आर्म होते. चाक वर गेलं की आखूड आर्म वरची बाजू आत ओढतो, कॅम्बर निगेटिव्हकडे सरकतो, आणि टायरचा तळ जमिनीवर आडवा फारसा घासत नाही.

अलाइनमेंटच्या इतिहासातलं सगळ्यात मोठं वळण मला हेच वाटतं. इथून पुढे उंचीनुसार कोन बदलणं हा रचनेचाच भाग झाला. फोर्डने पुढचा सलग ॲक्सल १९४८ पर्यंत धरून ठेवला आणि १९४९ च्या मॉडेलला कॉइल स्प्रिंगसह स्वतंत्र सस्पेन्शन दिलं. आता स्प्रिंगचा वेढा कापला की गाडी खाली येई हे खरं, पण चाक त्याच्या प्रवासाच्या मध्यावरून वरच्या भागात जाऊन बसे. पूर्वी जो कॅम्बर खड्ड्यात क्षणभर यायचा तो आता कायमचा झाला. पुढे बऱ्याच अमेरिकन गाड्यांत वरच्या आर्मच्या मुळाशी शिम (पातळ पट्ट्या) घालून-काढून तो दुरुस्त करता येई, पण स्प्रिंग कापणारा तिथपर्यंत जाईच असं नाही.

लोरायडरचा, म्हणजे हौसेने अगदी जमिनीलगत बसवलेल्या गाड्यांचा, प्रवाह इथूनच वेगळा झाला. कॅलिफोर्नियात १९५८ साली गाडीचा कोणताही भाग चाकाच्या रिमच्या खालच्या कडेपेक्षा खाली असणं बेकायदा ठरलं. १९५९ मध्ये रॉन अगिरे यांनी विमानातले हायड्रॉलिक पंप आपल्या कॉर्व्हेटला बसवले आणि उंची चालकाच्या हाती दिली. अशा गाडीला अलाइनमेंटचा एकच आकडा असूच शकत नाही. ती ज्या उंचीवर चालवायची, त्या उंचीवरच तिचे कोन लावायचे.

आजच्या बहुतेक छोट्या गाड्यांचा प्रश्न मात्र अर्ल मॅकफर्सन यांच्या रचनेतून येतो. त्यांनी वरचा आर्म काढून टाकला आणि शॉकॲब्सॉर्बरलाच चाक पेलणारा खांब, म्हणजे स्ट्रट, केलं. जनरल मोटर्समधला त्यांचा छोट्या गाडीचा प्रकल्प गुंडाळला गेल्यावर ते फोर्डकडे गेले. १९५० च्या लंडन प्रदर्शनात दिसलेल्या इंग्लिश फोर्ड कॉन्सल आणि झेफिर यांना हे स्ट्रट होते. कमी भाग, कमी जागा, कमी खर्च. १९७४ च्या फोक्सवॅगन गोल्फसारख्या पुढून ओढणाऱ्या गाड्यांमुळे ही रचना सर्वदूर गेली.

स्ट्रटच्या गाडीत कंपनीच्या उंचीवर लोअर आर्म बहुधा बाहेरच्या टोकाकडे खाली उतरता असतो. चाक वर गेलं की आर्म आडवा होत जातो, त्याच्या टोकाचा बॉल जॉइंट बाहेर सरकतो, आणि थोडा निगेटिव्ह कॅम्बर मिळतो. आर्म पूर्ण आडवा झाला की हा लाभ संपतो. त्याच्याही पुढे गेला तर बॉल जॉइंट उलट आत यायला लागतो आणि वळणात नेमका हवा तेव्हा कॅम्बर निसटतो. जास्त खाली बसवलेली गाडी अशा जागी उभी असते, की तिचा आर्म उभ्यानेच आडवा किंवा वर वळलेला. म्हणून उभी असताना कॅम्बर भरपूर निगेटिव्ह आणि वळणात अपुरा, असं विचित्र चित्र दिसतं. सोबत रोल सेंटर (वळणात गाडी ज्या बिंदूभोवती कलते तो) गाडीच्या गुरुत्वमध्यापेक्षा जास्त वेगाने खाली जातं, त्या दोघांतलं अंतर वाढतं आणि गाडीला एका बाजूला कलायला जास्त तरफ मिळते. कडक स्प्रिंगेचा बराचसा कडकपणा हे नुकसान भरून काढण्यातच खर्ची पडतो. गाडी बुटकी केली म्हणजे ती आपोआप चांगली वळेल, हा समज इथे कोसळतो.

याहून कमी बोललं जाणारं प्रकरण टाय रॉडचं. चाक वरखाली होताना टाय रॉडचं टोक आणि लोअर आर्मचं टोक आपापल्या कमानी काढतात. या कमानी कंपनीच्या उंचीच्या आसपास जुळतील अशी रचना असते. गाडी खाली आणली की आपण त्या जुळलेल्या पट्ट्याच्या काठावर जातो. मग मशीनवर उभ्या गाडीचा टो बरोबर दाखवला जातो आणि रस्त्यावर प्रत्येक उंचवट्याला तो बदलत राहतो. हाच बम्प स्टिअर. हिरव्या आकड्यांचा कागद आणि झिजलेला टायर एकाच गाडीत सापडण्यामागे हे एक मोठं कारण आहे.

मागच्या चाकांचा इतिहास स्वतंत्र आहे. १९६० च्या शेवरोले कॉर्व्हेअरच्या स्विंग ॲक्सलमध्ये (मधल्या सांध्यावर चाकासकट झुलणाऱ्या ॲक्सलमध्ये) चाकाचा कॅम्बर उंचीसोबत प्रचंड बदलायचा. त्यावरून मोठा वाद झाला, १९६४ मध्ये आडवी पाटा स्प्रिंग जोडली गेली आणि १९६५ मध्ये मागचं सस्पेन्शनच बदललं. पोर्शे ९२८ ने १९७७ मध्ये मागच्या चाकांचा टो बुश आणि आर्म यांच्या मदतीने मुद्दाम आवरला, तर १९८२ च्या मर्सिडीज १९० ला मागे प्रत्येक चाकाला पाच लिंक होत्या. मागच्या चाकांनाही स्वतःचे कोन आले, म्हणजे ते बिघडूही लागले. मागचा ॲक्सल ज्या दिशेला ढकलतो ती रेषा गाडीच्या मध्यरेषेशी जुळत नसेल, तर पुढचा टो कितीही नेमका लावा, स्टिअरिंग वाकडंच राहणार. खाली बसवलेल्या गाडीची फक्त पुढची अलाइनमेंट करणं म्हणूनच पैसे वाया घालवणं आहे.

१९८८ च्या होंडा सिव्हिकला पुढे-मागे दोन्हीकडे डबल विशबोन, म्हणजे वर-खाली दोन आर्म, होते. ती गाडी खाली आणली की चारही चाकं आत झुकत. लोकांनी वरचे आर्म बदलून कॅम्बर उभा केला, आणि ज्यांनी टो पुन्हा लावला नाही त्यांचे टायर तरीही गेले. हिशोब साधा आहे: चाक प्रवासाच्या दिशेपासून अर्धा अंश तिरपं असेल, तर प्रत्येक किलोमीटरमागे त्याची दिशा गाडीच्या वाटेपासून सुमारे ८.७ मीटर सरकते, आणि हा फरक रबराला सतत सोसावा लागतो. दीड-दोन अंश निगेटिव्ह कॅम्बर आणि बरोबर टो ही जोडी टायरला बरीच मानवते. चुकलेला टो मात्र सरळ रस्त्यावरही टायर खातो, आणि कॅम्बर निगेटिव्ह असेल तर ती झीज आतल्या कडेवर गोळा होते. दिसताना दोष कॅम्बरचा वाटतो.

उपाय म्हणून जे भाग बाजारात आले त्यांतही दोन जाती आहेत. मध्यापासून सरकलेल्या डोक्याचा (एक्सेंट्रिक) बोल्ट आणि स्ट्रटच्या वरच्या टोकाची कॅम्बर प्लेट फक्त कोन फिरवतात. ड्रॉप स्पिंडल, लांब बॉल जॉइंट, टाय रॉडच्या टोकाची उंची बदलणारे तुकडे हे आर्मचा आणि रॉडचा कल मूळ जागी आणतात. ड्रॉप स्पिंडलमध्ये चाकाचा खुंट वर सरकवलेला असतो, आर्मना गाडी खाली आल्याचा पत्ताच लागत नाही. वाकवलेल्या ॲक्सलचीच ही कल्पना आहे आणि माझ्या मते गाडी खाली आणण्याचा सर्वांत प्रामाणिक मार्गही.

कंपनीच्या आकड्यांचं काय, हा प्रश्न उरतो. ते आकडे कंपनीच्या उंचीचे असतात, आणि हे कंपन्याही मानतात. मर्सिडीजच्या पद्धतीत आधी आर्मचा कल मोजतात आणि त्या उंचीला कोणता कॅम्बर, कोणता टो अपेक्षित आहे ते तक्त्यात पाहतात. खाली बसवलेल्या गाडीसाठी असा तक्ता कुणी देत नाही, त्यामुळे क्रम तरी सोडू नये. नव्या स्प्रिंगा थोडं चालवून बसू द्याव्यात. आर्मचे रबरी बुश जुन्या उंचीवर आवळलेले असतील तर ते पिळलेले राहतात, म्हणून बोल्ट सैल करून चाकांवर उभ्या गाडीत पुन्हा आवळावेत. टायरची हवा आणि गाडीतलं नेहमीचं वजन ठीक करून चारही कोपऱ्यांची उंची मोजावी. मग मागची चाकं, मग पुढचा कॅस्टर आणि कॅम्बर, आणि स्टिअरिंग सरळ बांधून सगळ्यात शेवटी पुढचा टो, कारण आधीचा प्रत्येक बदल त्याला हलवून गेलेला असतो.