फाडफाड इंग्रजी नाही तर ॲडमिशन नाही?

फॉरवर्ड सगळ्यांकडे आलाय: "कॉलेजच्या इंटरव्ह्यूत फाडफाड इंग्रजी लागतं, पोरांशी घरात अहिराणी-मराठी बंद करा." काळजीपोटीच पाठवतात लोक, पण यावरून आमच्याकडे जळगावात घरोघरी भांडणं चाललीत, आई म्हणते इंग्लिशमध्ये बोल आणि पोरगं ताट सरकवून उठतं.

आधी हे बघा की इंटरव्ह्यू आहे का. एमबीबीएसला 'नीट' परीक्षा, राज्यात इंजिनिअरिंगला सीईटी किंवा जेईईचे मार्क, मग मेरिट लिस्ट आणि कॅप राउंड (केंद्रीय प्रवेश फेऱ्या), इंटरव्ह्यू नाहीच. डिझाईन, एमबीएसारख्या कोर्सना बऱ्याच ठिकाणी असतो, तिथे त्याला किती वेटेज ते माहितीपुस्तिकेत 'सिलेक्शन प्रोसेस'खाली बघा.

आणि जिथे असतो तिथे इंग्रजी समजून बोलता यावं हे खरं, पण पाठ केलेलं उत्तर दुसऱ्याच प्रश्नाला उघडं पडतं. घरी करून बघा, पोराला विचारा हाच कोर्स का, फोनवर रेकॉर्ड करा, मग फक्त "म्हणजे कसं?" विचारा. पाठांतर असेल तर तिथेच अडकतो. तेच केळीच्या बागेतलं ड्रिप चोकअप का होतं विचारा, दहा मिनिटं बोलायचा थांबणार नाही (आणि भांडणारही नाही).